राखेचा हिशेब

ब्रिटिश पार्लमेंटने १८९१ साली लंडन शहरापुरता सार्वजनिक आरोग्याचा एक कायदा केला. त्यात घरगुती कचऱ्याविषयीचे एक कलम आहे. घरोघरचा कचरा वेळच्या वेळी उचलणे हे त्या कलमाने स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरवले. एखाद्या रहिवाशाने लेखी नोटीस दिली आणि तरीही सबळ कारण नसताना ४८ तासांत कचरा उचलला गेला नाही, तर संस्थेला २० पौंडांपर्यंत दंड होऊ शकत असे. त्याच कलमात दुसराही एक दंड आहे. कचरा उचलणाऱ्या माणसाने घरमालकाकडे किंवा त्याच्या नोकराकडे बक्षिसी मागितली, तर त्याला २० शिलिंगांपर्यंत दंड.

कायदे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. समाजात जे सर्रास चाललेले असते त्याचीच मनाई करण्याची वेळ कायद्यावर येते. म्हणजे लंडनचा डस्टमन हात पुढे करीत होता आणि लोक त्यावर काहीतरी ठेवीत होते. ईदच्या दिवशी आपल्या दारात उभ्या राहणाऱ्या सफाईवाल्याला आपणही रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. फरक इतकाच की आपण त्याला ईदी म्हणतो. कर भरूनही पुन्हा वेगळे द्यावे लागते ही तक्रार मात्र दोन्हीकडे सारखीच.

कचऱ्याचा खर्च नेमका कोणी आणि किती सोसला, हे पाहण्यासाठी आम्ही मुद्दाम एडवर्डचा काळ निवडला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या मृत्यूनंतर १९०१ साली सातवा एडवर्ड गादीवर आला आणि १९१० साली वारला. ही अवघी नऊ-दहा वर्षे. परंतु ब्रिटनमधील नगरपालिकांनी कचऱ्याचा टनागणिक हिशेब मांडायला लागण्याचा, त्यावर पुस्तके निघण्याचा, भट्ट्यांच्या कंपन्यांनी एकमेकींचे दर पाडण्याचा हाच काळ होता. डब्ल्यू. फ्रान्सिस गुडरिच या लेखकाचे शहरांच्या कचऱ्याची काटकसरीने विल्हेवाट लावण्यावरचे पुस्तक १९०१ साली आले, आणि कचऱ्यापासून वीज निर्माण करण्यावरचे दुसरे १९०४ साली. विषय रुक्ष खरा, पण आकडे बोलके आहेत.

आधी त्या डब्यात काय असे ते पाहू. इंग्रजीत कचऱ्याच्या डब्याला डस्टबिन आणि तो उचलणाऱ्याला डस्टमन म्हणतात. आम्ही हे शब्द शाळेत शिकलो तेव्हा डस्ट म्हणजे धूळ असाच अर्थ पाठ केला होता. वस्तुतः येथे डस्ट म्हणजे राख. इंग्लंडात प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी, स्वयंपाकही कोळशावर. लंडनच्या कचऱ्याचे १८८८ साली जे पृथक्करण झाले त्यात अर्धवट जळालेले कोळशाचे खडे व जाड राख सुमारे ६४ टक्के आणि बारीक धूळ सुमारे २० टक्के निघाली. भाजीपाला, हाडे, चिंध्या, कागद, बाटल्या, डबे हे सर्व मिळून उरलेल्या हिश्शात. आज आपण ज्याला ओला कचरा म्हणतो तो त्या डब्यात अगदीच थोडा होता. बराचसा शेगडीतच जळून जात असे.

ही राख फुकट जाणारी वस्तू नव्हती. लंडनच्या पिवळसर विटा करताना चिकणमातीत बारीक राख मिसळीत आणि भट्टीत विटांच्या थरांमध्ये कोळशाचे खडे पसरीत. वीट आतूनच भाजली जाई. आपल्याकडचे वीटभट्टीवालेही मातीत राख आणि तूस मिसळतात ते याच कारणाने. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शहराची बांधणी जोरात असताना, कचरा उचलण्याचा मक्ता मिळावा म्हणून ठेकेदारच पॅरिशला पैसे देत असत. पॅरिश म्हणजे तेव्हाची वॉर्डासारखी स्थानिक संस्था. ठेकेदारांच्या आवारात राखेचे डोंगर उभे असत आणि कातडी एप्रन बांधलेल्या बायका चाळणीने ती राख चाळीत. चार्ल्स डिकन्सच्या १८६४-६५ मधील 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीत ज्या वारशावरून सारे रामायण घडते तो वारसा अशाच राखेच्या ढिगांचा आहे. टेम्स नदीतून शिडाची गलबते लंडनची राख केंट परगण्यातील सिटिंगबोर्नच्या वीटभट्ट्यांना नेत आणि परतताना विटा आणीत. शहराची राख विटेच्या रूपाने शहरातच परत येई.

एडवर्डच्या काळापर्यंत ही गंमत जवळपास संपली होती. शतकाच्या मध्यापासूनच पारडे फिरले होते. राख वाढत गेली, मागणी मात्र बांधकामाच्या तेजी-मंदीबरोबर हलत राहिली. शेवटी ठेकेदार पैसे देईनासा झाला, उलट मागू लागला. मग १८८० च्या दशकात पीटरबरोजवळच्या फ्लेटन गावी एक वेगळी माती वापरात आली. त्या मातीतच जळणारे द्रव्य इतके असते की तिला वेगळ्या राखेची गरज नाही. फ्लेटनच्या स्वस्त विटा रेल्वेने लंडनला येऊ लागल्या आणि राखेचा उरलासुरला भावही गेला. पूर्वी जमेच्या बाजूला असलेली रक्कम खर्चाच्या बाजूला गेली. नगरपालिकांना हिशेब सुचला तो इथे. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे तिचे वजन ठेकेदार करतो, जिला गिऱ्हाईक नाही तिचे वजन करदात्याला करावे लागते.

आता आकडे. त्या काळच्या संदर्भग्रंथांतून लंडनचा घरगुती कचरा वर्षाला साडेबारा लाख टन धरलेला आढळतो, म्हणजे माणशी ४ ते ५ हंड्रेडवेट. एक हंड्रेडवेट सुमारे ५१ किलोचा, असे २० मिळून एक इंग्रजी टन. तेव्हा एका लंडनकराचा वर्षाचा कचरा झाला दोनशे ते अडीचशे किलो. पण सगळीकडे सारखा नाही. लंडनच्या कडेला लेटन या कष्टकऱ्यांच्या उपनगरात माणशी अडीच हंड्रेडवेट, तर ईलिंग या सुखवस्तू उपनगरात सात. उत्तर इंग्लंडात सरासरी आठ. खाणी जवळ, कोळसा स्वस्त, म्हणून राख अधिक. ईलिंगचे कारण निराळे. ज्या घरात खोल्या जास्त त्या घरात शेगड्या जास्त. गरिबाची राख कमी, कारण त्याची ऊब कमी.

या कचऱ्याचे काय करायचे याला तीन-चार वाटा होत्या. खड्ड्यात किंवा दलदलीत टाकून भर घालणे, गलबतात भरून दूर नेणे, चाळून-निवडून विकणे, किंवा भट्टीत जाळणे. दक्षिण लंडनच्या बर्मंडसी भागात गलबताने कचरा नेण्यास टनामागे २ शिलिंग ९ पेन्स पडत. तोच जाळायला १० पेन्स ते १ शिलिंग. इंग्लंडमधील २४ शहरांची जाळण्याच्या खर्चाची सरासरी होती टनामागे १ शिलिंग साडेएक पेनी. त्यात सर्वांत स्वस्त ब्रॅडफर्ड, ६ पेन्स, आणि सर्वांत महाग लंडनचेच बॅटरसी, २ शिलिंग १० पेन्स.

शिलिंग-पेन्सचा हिशेब आपल्या वाचकांना परका वाटेल. पण त्या काळापुरती एक सोय आहे. १८९९ पासून सरकारने पौंडाचा भाव १५ रुपये असा बांधून दिला होता. पौंडात २४० पेन्स आणि १५ रुपयांचे आणेही २४०. म्हणजे एक पेनी बरोबर एक आणा. तेव्हा ब्रॅडफर्डला टनभर कचरा सहा आण्यांत जळत होता, सरासरी साडेतेरा आणे होती, बॅटरसीला दोन रुपये दोन आणे पडत होते आणि बर्मंडसीचे गलबत दोन रुपये एक आणा घेत होते. आमच्या वडीलधाऱ्यांनी आण्यांचा हिशेब तोंडी केला आहे. त्यांना हे चटकन कळावे.

हा खर्च जड होता का? सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील गरिबीचा अभ्यास १९०१ साली प्रसिद्ध केला. नवरा, बायको आणि तीन मुले अशा कुटुंबाला जेमतेम जगायला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात असे त्यांनी काढले. म्हणजे दिवसाला सुमारे ३७ पेन्स. यॉर्क उत्तरेकडचे, म्हणून माणशी आठ हंड्रेडवेट धरले तर पाच माणसांचा वर्षाचा कचरा दोन टन. सरासरी दराने तो जाळण्याचा खर्च २७ पेन्स. वर्षभराचा कचरा जाळण्याचा खर्च त्या कुटुंबाच्या एका दिवसाच्या किमान खर्चाहूनही कमी! एवढ्यावरून वाटेल की मग एवढा गाजावाजा कशाला.

पण या आकड्यांच्या शेजारी एक बारीक शेपूट जोडलेले असते: 'भांडवलावरील व्याज वगळून'. भट्टी आणि धुराडे कर्ज काढून उभारायचे आणि वर्षानुवर्षे फेडायचे. ते सहा आण्यांत नाही. घोडे, गाड्या, तबेले, दारोदार फिरणारी माणसे यांचा म्हणजे कचरा गोळा करण्याचा खर्च तर वेगळ्याच खात्यात. आणि खरा खर्च तिथेच होता. भट्टी स्वस्तात जाळते म्हणून कंपनीचा माणूस नगरसेवकांपुढे आकडा ठेवायचा, पण भट्टीपर्यंत राख चालत येत नाही. काही भागांत गृहिणी खिडकीत 'डी' अक्षराचे कार्ड लावून डस्टमनला बोलावीत. तो आत येई, तळघराजवळचा डबा उचलून खांद्यावर घेई, जिना चढून गाडीत ओती. वजन सगळे राखेचे. त्याच्या श्रमाला स्वस्त पर्याय सापडला नव्हता. त्याच्या मजुरीचे आकडे या कंपन्यांच्या जाहिरातींत कुठे दिसत नाहीत.

भट्टीची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. कचरा जाळण्यासाठी खास बांधलेली भट्टी आल्फ्रेड फ्रायर यांनी काढली व १८७४ साली नॉटिंगहॅमला ती पहिल्यांदा बसली. तिला त्यांनी नाव दिले डिस्ट्रक्टर. सुरुवातीच्या भट्ट्या मंद जळत आणि अर्धवट जळालेल्या कचऱ्याचा घाण धूर आजूबाजूच्या घरांवर पसरे. ईलिंगचे सर्व्हेअर चार्ल्स जोन्स यांनी १८८५ साली तो धूर पुन्हा जाळणारी जोडभट्टी काढली. पुढे लीड्सच्या हॉर्सफॉल कंपनीने वाफेच्या झोताने हवा आत ढकलून उष्णता वाढवली. पंधराशे ते दोन हजार अंश फॅरनहाइटपर्यंत भट्टी तापली की दुर्गंधी राहत नसे. कचऱ्यात कोळशाचे खडे इतके असत की वेगळे जळण फारसे लागत नव्हते. शेवटी वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा खंगर उरे. तो रस्त्याच्या पायात, चुन्यात किंवा फरशांत खपवीत.

मग कुणाच्या तरी मनात आले की एवढी उष्णता वाया का घालवायची? पूर्व लंडनच्या शोरडिच भागाच्या स्थानिक संस्थेने भट्टी आणि वीजघर एकत्र बांधले. २८ जून १८९७ रोजी लॉर्ड केल्विन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. इमारतीवर लॅटिन भाषेत कोरले होते, त्याचा अर्थ 'धुळीतून प्रकाश आणि शक्ती'. शेजारचे सार्वजनिक स्नानगृह आणि वाचनालय यांनाही त्या उष्णतेचा लाभ व्हावा अशी योजना होती. शोरडिच ही श्रीमंतांची वस्ती नव्हे. लाकूडकाम करणारे, फर्निचर बनवणारे, दाटीवाटीने राहणारे लोक. ज्यांच्या घरी न्हाणीघर नव्हते त्यांच्यासाठी शहराने स्वतःच्या राखेवर पाणी तापवावे, ही कल्पना आम्हाला आजही मोठी वाटते. वाचनालय त्याच आवारात असावे यात तर एका शिक्षकाला विशेष आनंद आहे.

हिशेब मात्र कल्पनेइतका गोड निघाला नाही. मार्च १८९९ अखेरच्या वर्षात शोरडिचला टनामागे २ शिलिंग ६.९ पेन्स खर्च आला. आपल्या भाषेत एक रुपया पंधरा आणे, म्हणजे देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. कचरा रोज सारखा येतो, विजेची मागणी मात्र संध्याकाळी चढते आणि मध्यरात्री उतरते. शिवाय उन्हाळ्यात शेगड्या बंद, त्यामुळे कचऱ्यात जळण कमी. कोळसा आणावाच लागे. फुकटची वीज मिळेल असे ज्यांनी मतदारांना सांगितले ते अडचणीत आले. कल्पना साधी ठेवली तिथे ती टिकली. केंब्रिजला १८९४ पासून शहराचा कचरा जाळून त्या वाफेवर सांडपाणी उपसणारे पंप चालवीत. ते यंत्र १९६८ पर्यंत चालू होते, आता तिथे संग्रहालय आहे. शोरडिचच्या इमारतीत सर्कशीची कला शिकवतात.

खर्च कोणी द्यायचा, याचे उत्तर इंग्लंडात वरवर पाहता सरळ होते. घरगुती कचऱ्यासाठी वेगळी पट्टी नाही. घराच्या भाड्याच्या किमतीवर बसणाऱ्या स्थानिक करातून तो भागवायचा. दुकान-कारखान्याचा कचरा असेल तर मालकाने वेगळे पैसे मोजायचे. आता घरगुती कोणता आणि धंद्याचा कोणता? लंडनमधील एका मोठ्या हॉटेल कंपनीने आपला कचरा घरगुतीच आहे असा दावा लावला. प्रकरण लॉर्डांच्या सभागृहापर्यंत गेले आणि १९०८ साली निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. शेकडो खोल्यांच्या हॉटेलची राखही कायद्याने घरचीच राख. ती उचलायचा खर्च वेस्टमिन्स्टरच्या सर्व करदात्यांवर.

वेस्टमिन्स्टरला ते परवडत होते. पण ज्या भागात घरांचे भाडे कमी, त्या भागाचा कर कमी जमतो आणि कचरा मात्र उचलावाच लागतो. म्हणून १८९४ साली लंडनसाठी कर समान करण्याचा कायदा झाला. प्रत्येक भागाने पौंडामागे ६ पेन्स एका सामाईक फंडात टाकायचे आणि तो फंड लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा. श्रीमंत भागांनी कुरकुर केली असणारच. परंतु रोगजंतूंना वॉर्डाची हद्द कळत नाही, हे त्यांना कॉलऱ्याच्या साथींनी शिकवले होते. आमच्या मते या सगळ्या इतिहासात भट्टीपेक्षा हा सहा पेन्सचा कायदा अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे चित्र मात्र कुठल्याही पुस्तकात छापलेले नाही.

ज्यांना असा फंड नव्हता त्यांनी कचरा दुसऱ्याच्या दारात टाकला. मँचेस्टरच्या नगरपालिकेने १८८६ साली चेशायर परगण्यातील कॅरिंग्टन मॉस ही सुमारे अकराशे एकरांची दलदल ३८ हजार पौंडांना विकत घेतली. शहराचा मैला, राख, रस्त्यांवरची झाडलोट तिथे नेऊन टाकली. त्यातून शेते तयार झाली, कुळे बसली, हेही खरे. सगळीकडे शेजारी असे गप्प बसत नाहीत. जर्मनीच्या हॅम्बुर्ग शहरात १८९२ साली कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यानंतर आसपासच्या गावांनी शहराचा कचरा घ्यायला साफ नकार दिला. नाइलाजाने हॅम्बुर्गने इंग्लंडची हॉर्सफॉल भट्टी आणली, ती १८९६ साली सुरू झाली. खेडुतांना नाही म्हणता आले, म्हणून शहराला जाळण्याचा खर्च सोसावा लागला. नाही म्हणणारा कोणी नसता तर दलदलच स्वस्त पडली असती.

याच एडवर्डच्या राज्यात मुंबईही होती. नाण्यांवर त्याचाच मुखवटा होता. मुंबईच्या नगरपालिकेचा १८८८ चा कायदा इंग्रजी नमुन्यावरच बेतलेला. कचरा आणि झाडलोट यांचा खर्च इथेही सर्वसाधारण करातून होत असे. परंतु मैला वाहून नेण्यासाठी या कायद्यात घरांवर एक वेगळा कर होता. त्याचे कायद्यातले नावच 'हलालखोर कर'. पाणीपट्टीच्या शेजारी हलालखोर पट्टी. इंग्लंडच्या कायद्यात कामाचे नाव आहे, मुंबईच्या कायद्यात माणसाचे.

हा शब्द आपल्या घरातला आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. अरबी हलाल आणि फारसी खोर, म्हणजे हलालची कमाई खाणारा. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहिले आहे की झाडूवाल्यांना हे नाव बादशहा अकबराने रूढ केले. आईनचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या ब्लॉकमन यांनी १८७३ साली तळटीपेत शंका काढली. त्यांच्या मते हा हरामखोर या शब्दावरचा सभ्य मुलामा आहे आणि तो अकबराचाच शोध असेल असे खात्रीने सांगता येत नाही. कोणतेही खरे धरा. अकबराने दिले असेल तर मान देण्याची इच्छा होती असे म्हणू. पण नाव बदलून टोपली दुसऱ्याच्या डोक्यावर गेली नाही. तीनशे वर्षांनी ब्रिटिशांनी कायद्यात तो शब्द घातला तेव्हा त्यातला मान उडून गेला होता, उरली होती फक्त जात.

मुंबईत हे काम करणारे बहुतेक गुजरातकडून आलेले दलित होते. उत्तर हिंदुस्थानात हलालखोर या नावाची मुसलमान बिरादरीही आहे, लालबेगी आहेत, मेहतर आहेत. आपल्यात जातपात नाही असे आपण वाझमध्ये ऐकतो आणि घरी येऊन सोयरिकीची चौकशी करतो. हलाल रोटी खाणाऱ्याच्या शेजारी दस्तरखानवर बसायला किती जण तयार होते, याचा हिशेब कोणत्याही नगरपालिकेने ठेवलेला नाही. तो आपणच ठेवायचा होता. लंडनच्या डस्टमनला कोणी मेजवानीला बोलावीत नव्हते हे कबूल. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकात एलायझाचा बाप आल्फ्रेड डूलिटल हा डस्टमनच आहे. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' ज्या नाटकावर बेतलेली आहे तेच हे. हा डूलिटल पुढे पैसेवाला होतो आणि लोक त्याला चर्चमध्ये लग्न लावायला भाग पाडतात. ती थट्टा आहे, पण तशी थट्टा करता येत होती. डस्टमनचा मुलगा उद्या गवंडी झाला तर त्याला कोणी अडवणार नव्हते. मुंबईत टनाचा दर स्वस्त राहिला त्यात या न सुटणाऱ्या कामाचाही वाटा होता, असे आम्हाला वाटते.

मुंबईने भट्टीची वाट धरली नाही, मँचेस्टरची धरली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सापडला आणि बंदराजवळच्या दाट वस्तीची घाण हा एकदम साम्राज्याचा प्रश्न झाला. कचरा शहरात भर घालायला वापरणे आता धोक्याचे वाटू लागले. नव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत चेंबूरकडील खाडीची दलदल त्यासाठी वापरात आली. कचरा तिथे जाई रेल्वेने. लोक तिला कचरागाडी म्हणत. चेंबूर तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होते. तिथल्या मिठागरांना, कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना हॅम्बुर्गच्या खेडुतांसारखा आवाज नव्हता. सामाईक फंडाचा प्रश्नच नव्हता, कारण चेंबूरचा माणूस मुंबईचा करदाताच नव्हता.

कुर्ला ते चेंबूर मार्गावर १९२४ साली प्रवासी गाड्या सुरू झाल्या. १९२७ साली पलीकडे देवनारचे कचरा मैदान सुरू झाले. पुढे शहर वाढत वाढत त्या मैदानापर्यंत पोचले. मोठ्या कत्तलखान्याने आणि झोपडपट्ट्यांच्या पुनर्वसनाने तिथे माणसे आणून बसवली. शिवाजी नगर, रफीक नगर, बैंगनवाडी. यांतील कितीतरी घरे आपल्याच लोकांची आहेत आणि त्यांतील कितीतरी जणांची रोजी त्या डोंगरातून भंगार, प्लॅस्टिक, लोखंड वेचण्यावर चालत आली. ठेकेदाराच्या आवारात राख चाळणाऱ्या त्या लंडनच्या बायकांचेच हे काम, फक्त राखेच्या जागी प्लॅस्टिक.

जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या ढिगाऱ्याला आग लागली. धूर कित्येक दिवस हटला नाही आणि अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही तो दिसला. आजूबाजूच्या पालिका शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. त्यांत उर्दू माध्यमाच्या शाळाही होत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथला कचरा त्या ढिगात सर्वांत जास्त होता, तिथल्या शाळा चालू होत्या.